गिटारच्या पोटातच बसवलेला सिंथ-पिकअप : सांगून बनवून घेतलेल्या वाद्याचे परीक्षण

इलेक्ट्रिक गिटारमधून सिंथसायझरचे (सिंथचे) आवाज काढण्यासाठी बाहेरून चिकटवायचे पिकअप, म्हणजे तारांची कंपने टिपणारे भाग, बरीच वर्षे मिळत आहेत. मी मात्र पुण्यातल्या एका गिटार-कारागिरांकडून नवी गिटारच सांगून बनवून घेतली आणि तिच्यात रोलंडचे जीके-किट-जीटी३ हे आत बसवायचे किट आराखड्यापासूनच धरून चालायला सांगितले. हे परीक्षण त्या गिटारचे, त्या किटचे आणि गिटार ज्याला जोडून वाजवतो त्या बॉसच्या एसवाय-१००० या मॉड्यूलचे, म्हणजे सिंथचे आवाज घडवणाऱ्या बाहेरच्या उपकरणाचे, असे एकत्रित आहे, कारण यांतले एक दुसऱ्यावाचून नीट तपासता येत नाही. माझे मत आधीच सांगतो. अशी गिटार बनवून घेण्यात पैसा आणि वेळ दोन्ही सार्थकी लागतात, पण त्यासाठी एक अट आहे : ब्रिज (बॉडीवरचा तारांचा आधार), नेक (मान), फ्रेट (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) आणि बॉडीतली खाच या चारही गोष्टी सिंथ-पिकअपच्या हिशेबाने ठरलेल्या हव्यात. सिंथ चांगला वाजणार की वाईट, याचा निम्म्याहून अधिक निकाल सोल्डरिंगची सळई हातात घेण्याच्या आधी, लाकडाच्या टेबलावरच लागलेला असतो.

नेहमीचा इलेक्ट्रिक गिटारचा पिकअप सहाही तारांची कंपने एकत्र करून एकच विद्युत संकेत बाहेर देतो. कॉर्ड वाजवला की त्यात कोणत्या तारेवर कोणता सूर होता, हे त्या एका संकेतातून वेगळे काढणे अवघड असते. हेक्स पिकअपमध्ये प्रत्येक तारेखाली स्वतंत्र छोटा पिकअप असतो आणि सहा तारांचे सहा संकेत सहा वेगळ्या वाटांनी मॉड्यूलपर्यंत जातात. रोलंडच्या १३-पिन जोडणीत पहिल्या सहा पिना सहा तारांना दिलेल्या आहेत, सातव्या पिनेवरून गिटारच्या नेहमीच्या पिकअपचा आवाज जातो, आठव्या पिनेवर सिंथच्या व्हॉल्यूमचे नियंत्रण असते, दहाव्या आणि अकराव्या पिनेवर दोन बटणे असतात, तर शेवटच्या दोन पिनांवरून मॉड्यूलच गिटारला अधिक-उणे ७ व्होल्टचा पुरवठा करते. या शेवटच्या गोष्टीचे महत्त्व व्यासपीठावर वाजवणाऱ्याला लगेच समजेल : गिटारमध्ये बॅटरी नसते, त्यामुळे कार्यक्रमाच्या मध्यात ती उतरण्याची भीतीही नसते.

या तंत्राचा इतिहास लांबलचक सांगण्याचे हे ठिकाण नाही, परंतु निवड समजण्यापुरता तो माहीत असावा. रोलंडने १९७७ मध्ये जीआर-५०० हा गिटार-सिंथ आणला, १९८० मध्ये जीआर-३०० आणला आणि १९८४ मध्ये जीआर-७००. त्या पिढीत जाडजूड २४-पिन केबल असे आणि सिंथसोबत कंपनीचीच खास गिटार घ्यावी लागे. जॅझ गिटारवादक पॅट मेथेनी यांच्या एकलवादनात तुतारीसारखा चढत जाणारा जो आवाज ऐकू येतो, तो जीआर-३०० चा. १९८० च्या दशकाच्या अखेरीस १३-पिन जोडणी आणि कोणत्याही गिटारवर लावता येणारे जीके पिकअप आले, आणि मगच स्वतःच्या आवडीच्या वाद्यावर सिंथ वाजवण्याची वाट सर्वांना मोकळी झाली. आज ज्याला आपण जुनी जोडणी म्हणतो ती हीच, आणि तिच्यावर चालणारी मॉड्यूल जगभर इतकी विखुरलेली आहेत की वापरलेली उपकरणे घेऊ इच्छिणाऱ्या वादकाला तिचा अजूनही मोठा आधार आहे.

बाहेरून लावायचा जीके-३ हा वाईट नाही, हे आधी स्पष्ट करतो. बारीक पट्टीसारखा पिकअप ब्रिजजवळ बसतो, त्याची सपाट वायर बॉडीवरून जाते आणि नियंत्रणांचा डबा गिटारच्या खालच्या कडेला अडकवला जातो. ज्याला हे प्रकरण आपल्याला मानवते का एवढेच पाहायचे आहे, त्याने हाच मार्ग धरावा. मात्र रोजच्या वापरात त्याच्या मर्यादा जाणवतात. हाताचा तळवा ब्रिजवर टेकवून तारा दाबणाऱ्या वादकाला पट्टी आणि वायर दोन्ही अडतात. गिटार पेटीत ठेवताना डबा काढावा लागतो, आणि पट्टी जरा हलली की प्रत्येक तारेची संवेदनशीलता पुन्हा ठरवावी लागते. शिवाय अनेक गिटारांत ब्रिज आणि त्याच्या लगतचा पिकअप यांच्यामध्ये पट्टी बसण्याइतकी जागाच नसते. आत बसवण्याचे किट म्हणजे हेच इलेक्ट्रॉनिक्स सुटे करून दिलेले असते : पट्टीसारखा पिकअप, मुख्य सर्किट बोर्ड, व्हॉल्यूमचे पोटेन्शियोमीटर, निवडीचे स्विच, दोन बटणे आणि १३-पिन सॉकेट. ते सगळे लाकडात कुठे आणि कसे सामावायचे, हा प्रश्न कारागिराचा.

कारागीर निवडताना मी एकच कसोटी लावली : लाकडाला हात लावण्याआधी पूर्ण मापाचा आराखडा कोण काढून देतो. एका ठिकाणी मला सांगण्यात आले की कुठल्याही तयार गिटारला मागून भोक पाडून किट आत सरकवून देऊ, आराखड्याची गरज नाही. त्या वर्कशॉपचे नाव घेण्याचे कारण नाही, पण तिथून मी परत फिरलो. ज्यांच्याकडे काम दिले ते काका मूळचे सुतारकामातले, नंतर गिटार-दुरुस्तीत आणि मग गिटार बनवण्यात उतरलेले. त्यांनी किटचे सर्व भाग टेबलावर मांडले, प्रत्येकाची उंची व्हर्नियर कॅलिपरने घेतली आणि कागदावर गिटार डोक्यापासून शेपटापर्यंत प्रत्यक्ष मापात रेखाटली. “पिकअपची जागा आधी, बाकीची गिटार तिच्या भोवती,” असे ते म्हणाले, आणि संपूर्ण काम त्यांनी त्याच क्रमाने केले.

पिकअपची जागा आधी ठरवण्याला कारण आहे. रोलंडच्या सूचनांप्रमाणे हेक्स पिकअपचा मध्य ब्रिजच्या सॅडलपासून, म्हणजे प्रत्येक तार ज्यावर टेकते त्या छोट्या तुकड्यापासून, २० मिमीच्या आत असावा लागतो. सॅडलजवळ तारेच्या कंपनांचा झोका लहान असतो, त्यामुळे शेजारच्या तारेचा आवाज कमी मिसळतो आणि संकेत अधिक सुटसुटीत मिळतो. पण सॅडल एका रेषेत नसतात, सूर जुळवण्यासाठी ते मागेपुढे करावे लागतात. म्हणून प्रत्येक तारेचे अंतर थोडे वेगळे येते आणि सर्वांत पुढे येणारे सॅडलही पट्टीला टेकता कामा नये. काकांनी ६४८ मिमीची, म्हणजे साडेपंचवीस इंचांची स्केल (नटपासून ब्रिजपर्यंतची तारेची लांबी) घेतली, ब्रिजजवळचा हंबकर (दुहेरी वेटोळ्याचा नेहमीचा पिकअप) नेहमीपेक्षा थोडा पुढे सरकवला आणि मधल्या मोकळ्या जागेत सिंथ-पिकअपसाठी स्वतंत्र खाच कोरली. हंबकर पुढे सरकल्याने त्याच्या आवाजातला कर्कशपणा थोडा उतरला, जो मला तरी अधिक भावला.

दुसरे माप तारांमधल्या अंतराचे. हेक्स पिकअपमधली सहा केंद्रे ठरलेल्या अंतरावर असतात, त्यामुळे ब्रिज निवडताना कोणताही चालत नाही. आमच्या ब्रिजवर लगतच्या दोन तारांमध्ये १०.५ मिमी आणि पहिल्या ते सहाव्या तारेपर्यंत एकूण ५२.५ मिमी अंतर आहे, आणि प्रत्येक तार आपल्या केंद्रावरून नीट जाते. यापेक्षा फार रुंद ब्रिज घेतला असता तर कडेच्या दोन तारा केंद्रावरून घसरल्या असत्या आणि त्यांचा संकेत दुबळा झाला असता. ट्रेमोलो ब्रिज, म्हणजे दांड्याने हलवून सूर चढवता-उतरवता येणारा ब्रिज, घेऊ नये, असा काकांचा आग्रह होता आणि तो योग्य ठरला. ट्रेमोलोचा दांडा दाबला की तारांची उंची बदलते, म्हणजेच पिकअपपासूनचे अंतर बदलते, आणि मागच्या स्प्रिंगांचा घुमारा सगळ्या तारांत उतरतो. पक्का, न हलणारा ब्रिज हा अशा गिटारचा पाया आहे.

लाकडाबाबत मला सुरुवातीला सागवान हवे होते, पण त्याचे वजन लक्षात घेऊन बॉडी तुनाच्या लाकडाची केली. तून आपल्याकडच्या तंतुवाद्यांना नवे नाही. सतारीच्या कामात ते पिढ्यान्‌पिढ्या वापरले जाते, आणि ज्या मिरजेतल्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तिथल्या कारागिरांना त्याचा पोत चांगला ठाऊक आहे. ते वजनाला बरे, कोरायला सुतासारखे सरळ आणि तरीही स्क्रू घट्ट धरून ठेवणारे निघाले. मागच्या बाजूने सर्किट बोर्डासाठी मोठी पोकळी करायची असल्याने हा शेवटचा गुण महत्त्वाचा होता. नेक मेपलची आहे आणि फिंगरबोर्ड शिसवीचा. लाकडाने सिंथचा आवाज बदलतो, असा दावा मी करणार नाही, कारण मॉड्यूलने नव्याने घडवलेल्या आवाजात लाकडाचा रंग जवळजवळ उरत नाही. लाकडाने बदलते ते तार किती स्थिर आणि किती वेळ वाजत राहते हे, आणि सिंथला नेमके तेच लागते.

याच कारणाने फ्रेटच्या कामावर मी विशेष लक्ष ठेवले. नेहमीच्या इलेक्ट्रिक गिटारवर एखादी तार बाराव्या फ्रेटच्या पुढे किंचित कुरकुरली तर अँपच्या आवाजात ते झाकून जाते. सिंथच्या बाबतीत तसे होत नाही. तार फ्रेटला घासली की तिच्या कंपनात अनियमितता येते, आणि स्वर ओळखणारे मॉड्यूल तिला भलताच सूर समजून कधी एक सप्तक वरचा, कधी क्षणभर दुसराच आवाज देते. काकांनी फ्रेट समपातळीत आणल्यावर प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर हलक्या आणि जोरकस अशा दोन्ही आघातांनी वाजवून पाहिली, आणि चौदाव्या फ्रेटजवळ तिसरी तार अगदी थोडी घासत होती तिथे पुन्हा कानस फिरवली. अनेकांना हा अतिरेक वाटेल, परंतु त्या एका जागेने नंतर मॉड्यूलमध्ये तासन्‌तास डोके घालावे लागले असते.

पिकअपची उंची ठरवण्याचे काम मात्र त्यांनी माझ्यासमोरच केले आणि ते पाहण्यासारखे होते. सूचनेनुसार तार शेवटच्या फ्रेटवर दाबून धरली असता तिच्या खालच्या कडेपासून पिकअपपर्यंत १ मिमी अंतर राहायला हवे. गेजची पातळ पट्टी त्या फटीतून सरकवायची, ती तारेला जेमतेम स्पर्शून जाईल इतपत स्क्रू फिरवायचा, मग दुसऱ्या टोकाच्या तारेशी जायचे आणि परत पहिलीवर यायचे, कारण एका बाजूचा स्क्रू फिरवला की दुसरी बाजूही सूक्ष्म प्रमाणात हलते. फिंगरबोर्डला गोलाई असते, पट्टीची गोलाई तिच्याशी जुळली नाही तर मधल्या तारा जवळ आणि कडेच्या लांब राहतात. आमच्या गिटारमध्ये मधल्या दोन तारा किंचित जवळ आल्या, म्हणून सॅडल थोडे उचलून तो फरक काढला. त्यानंतर एसवाय-१००० मध्ये या गिटारसाठी स्वतंत्र नोंद केली : पिकअपचा प्रकार, स्केल, प्रत्येक तारेसाठी सॅडलपासून पिकअपपर्यंतचे अंतर मिलिमीटरमध्ये आणि प्रत्येक तारेची संवेदनशीलता. सर्वांत जोरात छेडल्यावर मीटर शिगेला पोहोचण्याच्या जरा आत थांबावे, अशा बेताने सहाही तारा लावल्या. ही नोंद आळसाने केली तर महागड्या उपकरणाचाही आवाज फाटका येतो.

वायरिंगचे काम स्वच्छ आहे. पोकळीला आतून तांब्याची पट्टी लावून ती जमिनीला जोडली आहे, बोर्ड लाकडाला न टेकता छोट्या खुंट्यांवर उभा आहे आणि नेहमीच्या पिकअपांची वायर हेक्सच्या वायरीपासून दूर ठेवली आहे. १३-पिन केबल काढून टाकली तर ही गिटार साध्या जॅकवरून कोणत्याही अँपवर नेहमीसारखी वाजते, आणि घुरघुर जवळजवळ नाही. दोन गोष्टी मात्र मला खटकल्या. १३-पिन सॉकेट गिटारच्या खालच्या कडेला काटकोनात बसवला आहे, त्यामुळे बसून वाजवताना केबलचा ताठ भाग मांडीला टोचतो. तो थोडा तिरका, बॉडीच्या आत दबलेला असायला हवा होता. दुसरे म्हणजे गिटार, सिंथ आणि दोन्ही एकत्र असे तीन पर्याय देणारे स्विच व्हॉल्यूमच्या बटणाच्या इतके जवळ आहे की जलद वादनात करंगळीचा धक्का लागून आवाज अचानक बदलतो. काकांना हे सांगितले आणि त्यांनी स्विचची जागा बदलून देण्याचे मान्य केले आहे. जो कोणी असे वाद्य बनवून घेईल, त्याने नियंत्रणांची जागा कागदावर न ठरवता पुठ्ठ्याची बॉडी कापून, ती मांडीवर घेऊन ठरवावी.

आता वाजवण्याबद्दल. एसवाय-१००० हे २०२० चे मॉड्यूल आहे आणि त्याच्या आत दोन अगदी वेगळ्या गोष्टी घडतात, ज्या अनेक लेखांत एकत्र मिसळल्या जातात. पहिल्या प्रकारात तारेचा संकेत हाच कच्चा माल असतो. मॉड्यूल तारेचे कंपनच घेते आणि त्यावरून सिंथचा आवाज घडवते, स्वर कोणता हे ओळखून त्याजागी दुसरा आवाज ठेवत नाही. डायनॅमिक सिंथ आणि जुन्या जीआर-३०० ची प्रतिकृती हे या वाटेने जाणारे भाग. इथे विलंब जाणवत नाही. तार हळू छेडली तर आवाज मृदू येतो, नखाने छेडली तर धारदार येतो, तार ओढली तर सूर तितकाच चढतो, हात ठेवून दाबली तर आवाजही दबतो. सहा तारांवर सहा स्वतंत्र सिंथ एकाच वेळी चालत असल्याने कॉर्डमध्ये आवाजांचा चिखल होत नाही. डिस्टॉर्शनचे उदाहरण घ्या : साध्या गिटारवर भरपूर डिस्टॉर्शनसह सप्तम कॉर्ड वाजवला तर सूर एकमेकांवर आदळून घोगरा गोंगाट होतो, परंतु इथे प्रत्येक तार आपापली विकृत होते आणि कॉर्डमधला प्रत्येक सूर वेगळा ऐकू येतो. माझ्या मते अशी गिटार बनवून घेण्याचे सर्वांत मोठे कारण हेच आहे, आणि विक्रेत्यांच्या जाहिरातीत त्याचा उल्लेख सर्वांत कमी असतो.

दुसरा प्रकार म्हणजे स्वर ओळखून मिडीत, म्हणजे वाद्ये आणि संगणक यांच्यातल्या सुरांच्या डिजिटल भाषेत, रूपांतर करणे. तारेचा सूर कोणता हे मॉड्यूल मोजते आणि ती माहिती यूएसबीवरून संगणकातल्या बासरीला किंवा सारंगीला पाठवते. इथे निसर्गाची एक मर्यादा आड येते. सर्वांत जाड तारेचा मोकळा सूर सुमारे ८२ हर्ट्‌झचा, म्हणजे त्याचे एक आवर्तन पुरे व्हायलाच १२ मिलिसेकंद लागतात. सूर ओळखण्यासाठी किमान एक-दोन आवर्तने पाहावी लागतात आणि त्यातही आघाताच्या क्षणी तारेचे कंपन अस्ताव्यस्त असते. सर्वांत बारीक तारेचा मोकळा सूर सुमारे ३३० हर्ट्‌झचा, तिथे एक आवर्तन तीनच मिलिसेकंदांत होते. त्यामुळे वरच्या तारांवर प्रतिसाद तत्पर वाटतो आणि खालच्या तारांवर हात आणि कान यांच्यात फट पडल्यासारखे होते. प्रोसेसर कितीही वेगवान केला तरी ही मर्यादा नाहीशी होत नाही, हे घेणाऱ्याने नीट समजून घ्यावे. खालच्या सुरांचा बास हवा असेल तर मी सूर वरच्या तारांवर वाजवतो आणि मॉड्यूलमध्ये तो एक सप्तक खाली उतरवून घेतो.

आपल्या संगीताच्या दृष्टीने मला सर्वाधिक कुतूहल मींडेचे, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर सलग घसरत जाण्याचे, होते. भावगीत आणि नाट्यगीत वाजवायचे तर सूर एका जागेवरून दुसऱ्या जागी वाहत गेला पाहिजे. कीबोर्डवर हे काम चाकाने किंवा पट्टीने करावे लागते, तर गिटारवर तार ओढणे हे हाताला आधीच येत असते. मिडीत मींड नीट उतरण्यासाठी दोन पथ्ये पाळावी लागतात. प्रत्येक तारेला स्वतंत्र मिडी चॅनेल द्यावे, म्हणजे एका तारेवरची मींड दुसऱ्या तारेवरच्या स्थिर सुराला ओढत नाही. आणि पिच बेंडची, म्हणजे सूर ओढण्याची, मर्यादा मॉड्यूलमध्ये व संगणकातल्या वाद्यात अगदी सारखी ठेवावी, मी दोन्हीकडे २४ अर्धस्वर ठेवतो. मॉड्यूलमध्ये २४ आणि संगणकातल्या वाद्यात २ राहिले तर पूर्ण स्वराची मींड त्या स्वराच्या जेमतेम बाराव्या हिश्शाइतकीच वर सरकते आणि वादकाला वाटते की पिकअपच बिघडला. हे जमले की तिसऱ्या तारेवर कोमल गंधाराचे आंदोलन सारंगीच्या आवाजात जसे उतरते, ते ऐकून मन भरून येते. बोटाने घेतलेली सूक्ष्म थरथरसुद्धा जशीच्या तशी पोहोचते.

मात्र बासरीचा आवाज निवडला म्हणजे गिटारवादक बासरीवादक होतो, असे मुळीच नाही. बासरीवर सूर श्वासाने वाढतो आणि कमी होतो, गिटारची तार छेडल्यावर उतरतच जाते. व्हॉल्यूम पेडल जोडून सुराची चढण पायाने द्यावी लागते, वाक्ये श्वासाच्या लांबीची करावी लागतात आणि एका वेळी एकच तार वाजेल याची काळजी घ्यावी लागते. ऑर्केस्ट्रात गाण्यांच्या मधल्या संगीतासाठी बासरी, व्हायोलिन आणि ऑर्गनचे तुकडे एकाच वादकाने वाजवण्याची पाळी येते, तिथे या गिटारने मला खरेच हात दिला. परंतु गावात चांगला बासरीवादक उपलब्ध असेल तर त्याच्या जागी ही गिटार उभी करावी, असे मी कोणालाही सुचवणार नाही. उलट ज्या आवाजाला प्रत्यक्षात वाद्यच नाही, अशा सिंथच्या सलग, गंभीर आवाजांत ती पूर्णपणे स्वतःच्या घरी असते.

हे वाद्य वादकाकडून स्वच्छता मागते. डाव्या हाताची बोटे तारेवरून उचलताना मोकळी तार हलकी जरी वाजली, तरी सिंथ तिला पूर्ण आवाजात उत्तर देतो. त्यासाठी नटजवळ (मानेच्या वरच्या टोकाला तारा ज्या पट्टीवर टेकतात तिच्याजवळ) तारांखाली मऊ कापडाची पट्टी सरकवण्याची पद्धत अनेक वादक वापरतात आणि एकलवादनात ती उपयोगी पडते. तारा जुन्या झाल्या की त्यांचे कंपन असमान होते आणि चुकीचे सूर वाढू लागतात, म्हणून कार्यक्रमाच्या आधी नव्या तारा हव्यातच. हा पिकअप चुंबकीय असल्याने पोलादाच्या किंवा निकेलच्या आवरणाच्या तारा लागतात, नायलॉनच्या तारांवर तो काहीच ऐकत नाही.

नायलॉनच्या तारा हव्या असतील, किंवा सिंथसोबत अकूस्टिक गिटारसारखा आवाजही हवा असेल, तर पायझो सॅडलचा, म्हणजे चुंबकाऐवजी दाबातून कंपने टिपणाऱ्या सॅडलचा, मार्ग आहे. ग्राफ टेकची घोस्ट मालिका आणि तिच्यासोबतचा हेक्सपँडर हा सर्किट बोर्ड, तसेच आरएमसीचे सॅडल हे त्यातले नावाजलेले पर्याय, आणि कॅनडाच्या गोडँ कंपनीच्या अनेक गिटारांत अशी व्यवस्था तयारच मिळते. पायझोत पट्टीसाठी वेगळी जागा लागत नाही, तारांचे अंतर ब्रिजप्रमाणेच राहते आणि आवाज नितळ असतो. पण तो ब्रिजमधून येणारी सर्व कंपने ऐकतो, त्यामुळे हाताचा तळवा टेकवला किंवा बॉडीवर टिचकी मारली तरी तेही संकेतात येते. मी तळव्याने तारा दाबून वाजवणारा असल्याने चुंबकीय पर्याय निवडला. फक्त संगणकातली वाद्ये वाजवायची असतील तर फिशमनचा बिनतारी ट्रिपलप्ले पुरेसा आहे, कारण त्यात रूपांतर पिकअपच्याच डब्यात होते. मात्र सहा तारांचे कच्चे संकेत त्यातून मिळत नाहीत, आणि मी वर ज्याला सर्वांत मोठे कारण म्हटले ते तिथे गमावले जाते.

एक प्रश्न मला अनेकांनी विचारला : बॉसने २०२३ मध्ये जीएम-८०० या नव्या मॉड्यूलसोबत सीरियल जीके ही नवी डिजिटल जोडणी आणली असताना १३-पिन कशाला? नव्या जोडणीत तेरा पिनांच्या नाजूक केबलऐवजी सडपातळ, मजबूत केबल येते, आणि हा फार मोठा दिलासा आहे. परंतु माझे मॉड्यूल १३-पिनचे आहे, आणि जीकेसी-एडी हे रूपांतरक मध्ये लावले की १३-पिन गिटार नव्या मॉड्यूललाही जोडता येते. ज्याच्याकडे अजून काहीच नाही आणि ज्याला मुख्यतः तयार वाद्यांचे आवाज हवे आहेत, त्याने जीएम-८०० आणि जीके-५ पिकअप यांचा विचार आधी करावा. ज्याला तारेच्या कंपनातून थेट घडणारे आवाज हवे आहेत, त्याच्यासाठी एसवाय-१००० अजूनही अधिक समृद्ध आहे.

खर्चाचे गणित असे की एकूण रकमेतला मोठा भाग मॉड्यूलकडे जातो, त्यानंतर लाकूड आणि मजुरी, आणि किटचा वाटा त्यामानाने लहान असतो. आयात वस्तू असल्याने शुल्क आणि वाहतूक मिळून किंमत बरीच चढते, म्हणून किट हातात आल्याशिवाय कारागिराला लाकूड कापायला सांगू नये. भागांची मापे कागदावरच्या मापांपेक्षा प्रत्यक्षातच घ्यावीत. केबलच्या बाबतीत काटकसर करू नये, एका विक्रेत्याकडून घेतलेल्या स्वस्त केबलमधली एक पिन थोड्याच वापरानंतर सैल झाली आणि चौथी तार अधूनमधून मुकी होऊ लागली. दोष गिटारमध्ये नसून केबलमध्ये आहे हे ओळखण्याची सोपी पद्धत म्हणजे मॉड्यूलमधले सहा तारांचे मीटर उघडे ठेवून केबल दोन्ही टोकांना हलवून पाहणे. आता मी पाच मीटरच्या दोन चांगल्या केबल बाळगतो, कार्यक्रमाला जाताना दोन्ही तपासतो, आणि मंचावर केबल पट्ट्याच्या आतून घेऊन मगच सॉकेटमध्ये लावतो, म्हणजे कोणाचा पाय पडला तरी ओढ सॉकेटवर येत नाही.